होडीत बसा, पक्षी पाहा. आणि पाणीही पाहा

शिमगा झाला की रानात थोडी उसंत मिळते. हरभरा निघालेला असतो, गहू मळणीला आलेला असतो, उन्हाळी भुईमुगाला पाण्याची एक पाळी दिली की दोन दिवस माणूस मोकळा. अशा दिवसांत आपण देवाला जातो, पाहुण्यांकडे जातो, लग्नकार्ये उरकतो. यंदा त्यातला एक दिवस वेगळ्या कामासाठी काढा. चाकण, मोशी, आळंदी, देहू, तळवडे या पट्ट्यातल्या दहा-बारा जणांनी मिळून एक जीप करावी, भिगवणला जावे आणि होडीत बसून पक्षी पाहावेत, असे आमचे सांगणे आहे.

यावर कुणीही विचारील, "पक्षी बघायला पदरचे पैसे मोडून सव्वाशे किलोमीटर कशाला जायचं? आमच्या बांधावर काय पक्षी कमी आहेत?" प्रश्न रास्त आहे. नुसते पक्षीच पाहायचे असते तर आम्हीही एवढी तसदी दिली नसती. पण भिगवणला ज्या पाण्यावर हे पक्षी उतरतात, त्यातले बरेचसे पाणी आपल्या शिवारावरून, आपल्या गावाच्या पुलाखालून गेलेले असते. आपण नदीत काय सोडतो ते आपल्या दारात उभे राहून कळत नाही. ते खाली गेल्यावर कळते.

आपले पाणी जाते कुठे?

जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पवना मावळात उगम पावते, चिंचवडवरून येते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. पुढे पुण्यात मुळा आणि मुठा एक होतात. ही मुळा-मुठा शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडस इथे भीमेला मिळते. इंद्रायणी लोणावळ्याकडून निघून देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेत जाते. आपली भामा आसखेडच्या धरणातून सुटून भीमेकडेच वळते. आणि भीमा स्वतः भीमाशंकरहून उतरून चासकमान, राजगुरुनगर करीत खाली येते. म्हणजे हिंजवडीचा ओढा असो, भोसरीचा नाला असो की चाकणच्या वसाहतीतले गटार असो, सगळ्यांची शेवटची वाट एकच, आणि ती म्हणजे भीमा.

या भीमेवर सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात उजनी गावाजवळ धरण बांधले गेले. ते १९८० साली पूर्ण झाले. धरणाच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला वापरता येणारा सुमारे ५४ टीएमसी आणि उरलेला मृतसाठा. पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेले की धरण 'उणे' झाले असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते.

भिगवण, तक्रारवाडी, डिकसळ, कुंभारगाव ही इंदापूर तालुक्यातली गावे या जलाशयाच्या वरच्या अंगाला आहेत. इथे पाणी पसरट आणि उथळ. कडेने दलदल, मध्ये मध्ये बेटे. पाऊसकाळात भरलेले हे पाणी माघ-फाल्गुनापासून ओसरू लागते. ओसरलेल्या जागी चिखल उघडा पडतो. त्या चिखलात शेवाळ, किडे, गोगलगाई, बारीक मासे असे लाखमोलाचे अन्न पक्ष्यांसाठी तयार असते. शेतकऱ्याला जशी ओसरलेल्या जागेत गाळपेर करता येते, तशीच ही पक्ष्यांची गाळपेर म्हणा ना!

होडीची तऱ्हा आणि वेळ

चाकणहून रात्री तीनच्या सुमाराला निघा. हडपसर, यवत, पाटस, कुरकुंभ आणि भिगवण असा सरळ सोलापूर रस्ता आहे. रेल्वेने जायचे तर भिगवणला स्टेशन आहे. उजाडताना तुम्ही काठावर पाहिजेत. ऊन चढले की वारा सुटतो, पाणी हलू लागते आणि पक्षीही आत निघून जातात. सकाळचे पहिले दोन-अडीच तास हेच खरे.

होडी म्हणजे मोठी लाँच नव्हे. मासेमारीचीच होडी, पाच-सहा माणसांची. दहा-बारा जण असाल तर दोन होड्या करा, एकीत कोंबून बसू नका. भाडे बसण्याआधी ठरवून घ्या. नावाडी जुने मासेमार आहेत. कुठल्या बेटाला काल थवा होता, कुठे पाणी गुडघाभर आहे, कुठे जुनी विहीर किंवा बाभळीचे खोड पाण्याखाली आहे, हे त्यांना पाठ असते. दुर्बीण असेल तर न्या. दोन होड्यांत एक असली तरी चालते. कपडे मळखाऊ रंगाचे घाला. लग्नाला निघाल्यासारखा पांढराशुभ्र सदरा पक्ष्यांना लांबूनच दिसतो.

काय काय दिसते?

सगळ्यांना पाहायचा असतो तो रोहित. याला अग्निपंखही म्हणतात. उभा राहिला की चार-साडेचार फूट, पाय काठीसारखे, मान लांब. हा पक्षी कच्छच्या रणात घरटी करतो. चोच उलटी करून पाण्यात घालतो, पाणी आत घेतो आणि चोचीतल्या झालरीतून गाळून बाहेर टाकतो. गाळून राहिलेले शेवाळ आणि बारीक जीव हा त्याचा आहार. याच आहारातल्या रंगद्रव्यामुळे पंखांना गुलाबी झाक येते. पिल्ले मात्र राखाडी असतात. ती पाहून "हा दुसराच पक्षी" असे समजू नका.

दुसरा पाहुणा पट्टकादंब. हा हंसाच्या जातीचा पक्षी, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या. तिबेट, मंगोलियाकडच्या सरोवरांवर पिल्ले वाढवतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. उडताना सात हजार मीटरच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. फाल्गुनात त्याच्या परतीची वेळ झालेली असते, म्हणून लवकर गेलात तरच भेटेल. पहाटे हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या रानात चरणारे हे थवे काठच्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहेत.

याशिवाय थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही पाहुणी बदके. लाल पायांचा शेकाट्या, चमच्यासारख्या चोचीचा चमचा पक्षी, पांढरा शराटी, मोर शराटी, राखी बगळा, पाणकावळे, कुरव. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी दिसेल, त्याला चांदवा म्हणतात, आणि त्याचे दुसरे नाव आहे वारकरी. देहू-आळंदीकडच्या माणसाने तरी हे नाव विसरू नये. देहू-आळंदीची इंद्रायणी याच जलाशयातून पुढे पंढरपूरच्या चंद्रभागेत जाते.

चित्रबलाक हा मात्र लांबचा पाहुणा नाही, इथलाच रहिवासी आहे. पिवळी लांब चोच, पंखांवर गुलाबी रंग. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातल्या झाडांवर त्याची वसाहत आहे. इंदापूर गावात तर थेट तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर यांनी घरटी केलेली आहेत. कचेरीत कामाला आलेल्या माणसांच्या डोक्यावर पिल्ले वाढतात, आणि कुणी हाकलत नाही. सरकारी आवारातले जुने झाड तोडण्याचा ठराव कुणी मांडलाच, तर ही चिंच आठवावी.

नावे पाठ नसली म्हणून संकोच करू नका. सोलापूरला जन्मलेले अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी जन्मभर रानावनात हिंडून, तिथल्या माणसांना विचारून पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. हा आठवडा आता महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तुमच्या वाडीवर एखाद्या पक्ष्याला वेगळे नाव असेल तर ते वहीत लिहून ठेवा. ते नाव म्हाताऱ्या माणसांबरोबर जायला नको.

रोहित आला म्हणजे पाणी चांगले, असे नव्हे

आता मुद्द्यावर येऊ. होडी काठावरून सुटताना नाक उघडे ठेवा आणि पाण्याचा रंग पाहा. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी पाणी हिरवेगार असते. ते गवताचे हिरवेपण नाही. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येते, उसाच्या रानातून वाहिलेल्या खतातूनही येते. आपण पिकाला युरिया टाकला की पीक जसे तरारते, तसे या पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी तरारते. रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू खाते. मेले की कुजताना आणखी खाते. मग मासा वर येऊन तोंड उघडतो आणि मरतो.

रोहित शेवाळ आणि चिखलातले बारीक जीव खातो. म्हणून घाण पाण्यातही काही काळ त्याचे भागते. मोठा थवा दिसला की "बघा, पाणी शुद्ध आहे" असा दाखला कुणी देऊ लागला तर मान डोलवू नका. खरी परीक्षा मासे खाणाऱ्या पक्ष्यांवर करा. नदी सुरय, खंड्या, पाणकावळा किती दिसतात, आणि नावाड्याच्या जाळ्यात कोणता मासा येतो, हे विचारा. भिगवणच्या मासळी बाजारात चिलापीचे ढीग दिसतात. चिलापी बाहेरून आलेला चिवट मासा, वाईट पाण्यातही तग धरतो. नदीचे जुने देशी मासे आता पूर्वीसारखे मिळत नाहीत, हे कुठलाही जुना मासेमार सांगेल.

आपल्याकडची बाजू सगळ्यांना ठाऊक आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मागोमाग औद्योगिक वसाहत आली, पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले. हाताला काम आले, जमिनीला भाव आला. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर आळंदीला इंद्रायणीवर साबणासारखा पांढरा फेसही आला, आणि गेल्या काही वर्षांत तो पुन्हा पुन्हा दिसला. हा दोष एकट्या कारखान्यांचाही नाही. कामगारांना भाड्याने द्यायला आपण खोल्या बांधल्या, एकेका वाडीची वस्ती पाचपट झाली, पण सांडपाण्याचा विचार कुणी केला नाही. पाइप सरळ ओढ्यात सोडला. ओढा नदीत, नदी उजनीत. त्याच उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते.

गेलेली जमीन, आलेली होडी

धरणात भीमाकाठच्या कितीतरी गावांच्या काळ्याभोर जमिनी गेल्या. पळसदेवचे जुने गाव पाण्याखाली गेले. २०२४ साली पाणी फार उतरले तेव्हा तिथले पळसनाथाचे पुरातन देऊळ उघडे पडून लोकांना दिसले. जमीन गेल्यावर काहींनी मासेमारी धरली. मासा कमी होत गेला तसे काहींनी त्याच होडीत पक्षी पाहणाऱ्यांना बसवायला सुरुवात केली. आज कुंभारगाव, डिकसळकडे हंगामात पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. कुणी होडी चालवतो, कुणी वाट दाखवतो, कुणाच्या घरी बाया माशाचे कालवण आणि भाकरी करून वाढतात. त्यांचा हा हंगाम कार्तिकापासून चैत्रापर्यंतचा. या पाच-सहा महिन्यांच्या कमाईवर पोरांच्या शाळेची फी निघते.

ही कमाई दोन गोष्टींवर उभी आहे. पाणी नासले नाही पाहिजे आणि पक्षी बुजले नाही पाहिजेत. त्यातले पाणी बरेचसे आपल्या हातात आहे.

होडीत बसताना हे पाळा

पहिले, जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. नसेल तर दुसरी होडी पाहा. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळवाचा भरवसा नसतो. ऊन तापून ढग भरू लागले की नावाड्याने 'चला' म्हणण्याची वाट न पाहता काठाला या.

दुसरे, थव्याकडे यंत्र लावून धावू नका. लांबच यंत्र बंद करून वल्ह्याने किंवा बांबूने हळू सरकावे. चरणारे पक्षी एकदम माना वर करून उभे राहिले की समजा, आपण फार जवळ आलो. तिथेच थांबा. फोटोसाठी थवा उडवायला सांगणारे लोक असतात, त्यांना गटातच दाबा. लांबच्या प्रवासाआधी पक्षी अंगावर चरबी साठवत असतो. प्रत्येक उडवण्याने त्याची शिदोरी कमी होते.

तिसरे, बेटावर उतरू नका. फाल्गुन-चैत्रात नदी सुरय, टिटवी, शेकाट्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अंडी मातीच्या खड्यासारखीच दिसतात, पायाखाली केव्हा फुटली ते कळतही नाही. गाळपेर करणाऱ्यांनीही नांगर फिरवताना असे घरटे दिसले तर तेवढा हातभर तुकडा सोडावा. तीन-चार आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात.

चौथे, कुरव पक्ष्यांना फरसाण, गाठी टाकू नका. पोरांना गंमत वाटते, पण मीठ-तेलाचे ते खाणे त्यांचे नव्हे. आणि रिकाम्या पिशव्या पाण्यात राहतात त्या वेगळ्याच.

परत आल्यावर काय करायचे?

गटात निदान एक सरपंच, एक ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) असावेत, असा आमचा आग्रह आहे. कारण नुसते 'वा, काय सुंदर' म्हणून घरी येण्याने नदीला काही मिळत नाही.

ग्रामपंचायतीला जमण्याजोगी कामे अशी. घराघराचे सांडपाणी ओढ्यात न सोडता शोषखड्ड्यात मुरवावे. वस्ती दाट असेल तिथे गटार थेट नदीला न जोडता आधी स्थिरीकरण तळ्यात घ्यावे. खोल्यांच्या नव्या बांधकामाला ना-हरकत देताना सांडपाण्याची सोय जागेवर जाऊन पाहावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातली ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिली होती. आपल्या गावात ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारायला कुणाची चोरी नाही. मैलागाळाचा टँकर रात्री ओढ्यात रिकामा होताना दिसला, कारखान्याकडून रंगीत पाणी आले, तर तारीख, वेळ आणि जागा लिहून फोटोसह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

शेतकऱ्यांनी आपल्यापुरते पाहावे. माती परीक्षण करून खत द्यावे, मोकाट पाणी न देता ठिबकवर ऊस घ्यावा. खत रानात राहिले तर तुमचा पैसा वाचतो आणि खाली शेवाळही माजत नाही.

शेवटचे काम सोपे आहे आणि पोरांना आवडेल असे आहे. जैवविविधता कायदा २००२ साली आला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि नोंदवही असते. बऱ्याच गावांत ही वही कपाटात बंद आहे. ती काढा. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे. त्या पंधरवड्यात शाळेतल्या मास्तरांना आणि सातवी-आठवीच्या पोरांना घेऊन आपल्या पाझर तलावावर, बंधाऱ्यावर सकाळी दोन तास बसा. कोणते पक्षी, किती, पाण्याचा रंग कसा, वास कसा, जलपर्णी किती, एवढे वहीत लिहा आणि खाली सह्या करा. पाच वर्षांनी त्याच पानावरून तुमच्या गावचे पाणी सुधारले की बिघडले, ते कुठल्याही साहेबाला दाखवता येईल.

भिगवणहून परतताना संध्याकाळ झालेली असेल. गाव जवळ आले की इंद्रायणीच्या नाहीतर भामेच्या पुलावर जीप पाच मिनिटे थांबवा. खाली वाकून पाणी पाहा, त्यात एखादा खंड्या, एखादा बगळा आहे का तेही पाहा. जे दिसेल ती त्या वहीतली पहिली नोंद करा. तारीख घालायला विसरू नका.